जात्यापासून डीजेपर्यंत : आपल्या लग्नातल्या करमणुकीचा इतिहास



उन्हाळा लागला, साखर कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोड टोळ्या गावी परततात आणि माजलगाव तालुक्यात लग्नांचा धडाका सुरू होतो. या दिवसांत कार्यकर्त्यांकडे नवरदेवाचे मित्र येतात आणि एकच प्रश्न विचारतात : रिसेप्शनला करमणुकीचं काय ठेवायचं? डीजे तर सगळेच लावतात, काहीतरी वेगळं सांगा.

प्रश्न साधा वाटतो. पण ज्या समाजाला मोठ्याने आनंद करण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजासाठी करमणुकीचा प्रश्न हा इतिहासाचा प्रश्न आहे. म्हणून आधी इतिहास, मग सल्ला.

बाबासाहेबांच्या लग्नापासूनच सुरुवात करू. 1906 च्या सुमारास भीमराव आणि रमाई यांचे लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात लागले. दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक आणि पायाखाली गटाराचे पाणी. ना मंगल कार्यालय, ना रोषणाई. सुभेदाराच्या घरची ही परिस्थिती, तर खेड्यातल्या आपल्या माणसाची काय असेल? गावकुसाबाहेरच्या वस्तीत नवरदेव घोड्यावर बसला, वरात गावातून वाजतगाजत गेली, तर मार खावा लागे. हलगी वाजवायची ती दुसऱ्याच्या दारात. मातंग बांधवांनी पिढ्यानपिढ्या अख्ख्या गावाची लग्ने वाजवली, पण त्यांना पंगतीत जागा मिळाली नाही.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो जोतीराव फुल्यांनी. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटाशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे जोतीरावांनी या लग्नासाठी मराठीत मंगलाष्टके रचली. त्यांत वधू आपले हक्क मागते आणि वर सगळ्यांसमोर वचन देतो. न कळणाऱ्या संस्कृत श्लोकांवर अक्षता टाकण्याऐवजी नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात आणि मांडव ऐकतो. आपल्या लग्नातला पहिला खरा सवाल-जवाब तो हाच.

सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला. ढोलकी आणि तुणतुणे तेच, विचार नवा. 1930 च्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सावकारी, दारू, मेलेली जनावरे ओढण्याची सक्ती हे सगळे विषय फार्सातून मांडले जात. लोक पोट धरून हसत आणि घरी जाताना विचार घेऊन जात. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आपल्याकडे सांगितले जाते. पुढे वामनदादा कर्डकांनी (1922–2004) उभी हयात गावोगाव गात घालवली. त्यांच्यामागून गायन पार्ट्या आल्या, रात्र-रात्र कव्वालीचे मुकाबले रंगले. ज्या बापाला अक्षर येत नव्हते त्याला महाड, काळाराम, पुणे करार हे शब्द गाण्यांतून कळले. लग्नाचा मांडव ही आपली रात्रशाळा होती.

आता आपल्या माजलगावचे बोलू. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. चळवळ इथे उशिरा आणि अडथळ्यांतून आली, पण आली ती खोल रुजली. याचा पुरावा माजलगावच्या भीमनगरातच आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली ते काम भीमनगरात पोहोचले. राधाबाई बोऱ्हाडे, रंगूबाई पोटभरे यांच्यासारख्या बाया भीमरावावर, रमाईवर, बुद्धावर ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. शाळेने ज्यांना दारात उभे केले नाही, त्या बायांनी दळता दळता आंदोलनाचा इतिहास रचून ठेवला. लग्नाची हळदसुद्धा जात्यावर ओव्या म्हणतच दळली जायची. म्हणजे आपल्या लग्नातला पहिला कलावंत कोण? आपली आजी! आज तीच आजी रिसेप्शनला मागच्या खुर्चीत कानावर हात ठेवून बसलेली असते.

मग डीजे वाईट का? इथे आम्हाला सावधपणे बोलले पाहिजे. "यांच्या वस्तीत नुसता धिंगाणा" असे म्हणणाऱ्यांच्या सुरात आम्ही सूर मिसळणार नाही. ज्यांना रस्ता नाकारला गेला, त्यांनी रस्त्यावर मोठ्याने आपले गाणे वाजवणे हासुद्धा हक्काचा उच्चार होता. त्याची किंमतही मोजावी लागते. मे 2015 मध्ये एका लग्नासाठी शिर्डीत आलेल्या आपल्या तरुणाचा खून झाला, कारण त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले. जून 2023 मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, गावात भीमजयंती साजरी करणाऱ्या तरुणाला एका वरातीच्या वेळी मारले गेले. आपले गाणे आजही कुणाला तरी खुपते. म्हणून ते बंद करायचे नाही.

पण दोन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला : त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून आपले गाणे किती वेळ वाजते? एक भीमगीत झाले की पुढे रात्रभर भलतेच काही. शब्द ऐकू येत नसतील तर वामनदादा वाजले काय आणि आणखी कुणी वाजले काय, छाती तेवढी धडधडते.

दुसरा प्रश्न पैशाचा. आपल्या तालुक्यात डीजेचा पैसा बहुतेक वेळा येतो कुठून? मुकादमाच्या उचलीतून. एका रात्रीच्या आवाजासाठी पुढचा सगळा हंगाम नवरा-नवरीने फडात कोयता चालवून फेडायचा. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी झाली की उचल मिळते, म्हणून पोरींची लग्ने वयाआधी उरकली जातात. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्नाची घाई करू नका आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. ज्या मांडवात नवरी अठराची नाही, त्या मांडवात आपल्या एकाही गायकाने भीमगीत गाऊ नये. ते गाणे त्या मुलीच्या विरोधात वापरले जाते.

आता सल्ला. गंमत हवीच, कोरडे भाषण नको.

एक, रिसेप्शनच्या स्टेजवर पहिला माइक आजीला द्या. दोन्हीकडच्या आज्या, आत्या, मावश्या यांचा ओव्यांचा मुकाबला लावा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. पुढच्या पिढीला हा ठेवा दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

दोन, जवळची गायन पार्टी बोलवा. वरपक्ष आणि वधूपक्ष असे दोन गट करून चळवळीच्या इतिहासावर सवाल-जवाब घ्या. हरणाऱ्याने पाहुण्यांना पाणी वाढायचे, जिंकणाऱ्याला पुस्तक.

तीन, नवरा-नवरीने जोतीरावांच्या वाटेने आपली वचने स्वतःच्या शब्दांत लिहून वाचावीत. स्वयंपाक कोण करणार, तिचे शिक्षण पुढे चालणार का, कमाई कुणाच्या हातात राहणार? मांडव हसेल, पण साक्षीदारही होईल.

चार, पोरांना दहा मिनिटांचा फार्स बसवायला सांगा : मुकादम, उचल आणि डीजेवाला. हसून हसून मुरकुंडी वळेल, आणि ज्याला कळायचे त्याला कळेल.

पाच, हलगी लावा आणि मनसोक्त नाचा. मात्र वादकाला ठरलेले मानधन पाकिटात द्या, स्टेजवरून त्याचे नाव घ्या आणि पहिल्या पंगतीत शेजारी बसवा. 1941 साली कसबे तडवळ्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. तो वारसा भाषणात सांगायचा आणि लग्नात विसरायचा, हे चालणार नाही.

भायखळ्याच्या बाजारातल्या त्या रात्रीपासून आपण मंगल कार्यालयापर्यंत आलो. स्टेज आपले आहे, माइक आपला आहे. त्यावर कोणाचा आवाज घुमणार हे उचलीने ठरवू द्यायचे नाही, ते आपण ठरवायचे. येत्या लग्नसराईत भीमनगरातून सुरुवात करू या.

जय भीम! जय जोती!