मद्रासचा तिसरा वेध

३० नोव्हेंबर १८७२ रोजी जर्मनीतील ग्योटिंगेनहून क्लिंकरफ्यूस यांची तार मद्रास वेधशाळेच्या नॉर्मन पॉग्सन यांना मिळाली. २७ तारखेच्या उल्कावर्षावावरून बिएलाचा धूमकेतू पृथ्वीला स्पर्शून गेला असावा. तो नरतुरंगात शोधावा, असा तिचा आशय होता. २ आणि ३ डिसेंबरच्या पहाटे पॉग्सन यांना तेथे खरोखरच एक धूमकेतू दिसला. नंतर आभाळ भरून आले. मद्रासचा डिसेंबर पावसाळीच.

प्रत्येक वेधातून विषुवांश आणि क्रांती हे दोनच अंक हाती येतात. दीर्घ आवर्तकाळाच्या धूमकेतूची कक्षा सोयीसाठी अन्वस्त धरली, तरी पाच अज्ञाते उरतात. पॉग्सन यांच्यापाशी चार अंक होते. तो धूमकेतू बिएलाचा नव्हता, एवढे पुढे गणिताने ठरले. आजच्या सूचीत त्याच्या नावाआधी ‘एक्स’ लागतो, कक्षा न काढता आलेल्या धूमकेतूंचे चिन्ह.