साग लावला, ऐन विसरलो

सागाचं कोवळं पान दोन बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात. एवढी एक खूण माहीत असली तरी साग ओळखता येतो. त्यातून पान सुपाएवढं, हाताला खरखरीत आणि कोवळी फांदी गोल नव्हे, तर चौकोनी. शाळकरी पोरही चुकायचं नाही. पण त्याच रानातल्या ऐनाची, बिबल्याची, नाण्याची खूण विचारा. आपल्यापैकी बहुतेक जण गप्प बसतील. रानात इतकी झाडं असताना एकच आपल्या ध्यानात का राहिलं, याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात जहाजांपासून होते. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागाची एकाहून एक जहाजं बांधली. इंग्लंडात ओकची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या आरमाराने मुंबईकडे धाव घेतली. १८१३ साली इथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंडचा नानकिंगचा तह झाला. १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ तर अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे.

आरमारासाठी साग लागतो हे मराठ्यांनाही ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, साग-शिसवासारखी झाडं परवानगीने तोडावीत, आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, असं बजावलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यामागचं कारण. (हा मजकूर हल्ली शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. तो आज्ञापत्रातला आहे, हे एकदा सांगितलेलं बरं.)

मुंबईच्या गोदीला लागणारा बराचसा साग मलबारातून यायचा. तो आटू नये म्हणून कंपनी सरकारने १८०६ साली कॅप्टन वॉटसन या पोलिस अधिकाऱ्याला तिथल्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. त्याने सागाची मक्तेदारीच केली. व्यापारी आणि जमीनमालक इतके चिडले की १८२३ साली ते पदच काढून टाकावं लागलं. मग मोकाट तोड झाली. दोन दशकांत मोठे वृक्ष दुर्मिळ झाले आणि ‘तोडला, आता लावावा’ हा विचार सुचला.

पण लावणार कसा? सागाचं फळ म्हणजे टणक कवचाची गोळी, आत एक ते चार बिया. नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४०च्या दशकात निलांबूरला लागवड सुरू केली. पहिले प्रयत्न वाया गेले. तिथे चातू मेनन हे स्थानिक अधिकारी कामाला लागले आणि रोपं निघू लागली. बी भिजवून, पावसाळ्याच्या तोंडावर वाफ्यात पेरून, मग रोप हलवायचं ही रीत बसली. १८६२ पर्यंत त्यांनी दहा लाखांहून अधिक साग लावल्याचं सांगतात. १८४६ सालचा तो जुना तुकडा अजून उभा आहे; त्याला नाव मात्र कोनोलींचं आहे. नाव साहेबाचं आणि हात स्थानिकांचे, हे वनखात्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

आपल्याकडे अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डाल्झेल यांच्याबरोबर त्यांनी १८६१ साली इथल्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. पुढे टॅल्बट यांनी १९०९ आणि १९११ साली दोन खंडांत इलाख्यातल्या झाडांची सविस्तर नोंद केली. त्यांत देशी नावं आहेत. ती कुणा ठाकराने, कातकऱ्याने, वारल्याने सांगितली असणार. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत.

ज्यांनी ओळख करून दिली, त्यांच्याच अंगावर कायदा आला. १८६५ आणि विशेषतः १८७८च्या वनकायद्याने रानं राखीव झाली. ठाणे-कुलाबा भागात भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायचा असतो आणि त्यासाठी ऐनाच्या फांद्या उत्तम. त्या तोडायला बंदी आली तर शेती कशी करायची? जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले ते अशाच जाचापायी. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. साहेबाच्या लेखी ऐन हे इमारती लाकूड होतं, शेतकऱ्याच्या लेखी ते भाताचं खत.

एकदा साग लावायची रीत बसल्यावर तोच लावला गेला. वर्षाचं रोप उपटायचं, शेंडा बोटभर ठेवून कापायचा, मूळ वीतभर ठेवायचं. ही झाली जडी. पहारीने भोक पाडून पहिल्या पावसात ती खोचली की झालं. सोपं, स्वस्त, आणि एका ओळीत मोजता येणारं. पाणी साचणारी जमीन तेवढी टाळायची. १९९०च्या दशकात तर काही कंपन्यांनी सागाच्या झाडांचे हिस्से विकून पैसे काही पटींनी वाढवून देण्याच्या जाहिराती केल्या. अनेक मध्यमवर्गीयांची बचत त्यात बुडाली. १९९९ साली सेबीने अशा योजनांसाठी नियम केले, पण तोवर उशीर झाला होता. साग चांगला व्हायला कित्येक दशकं लागतात, हे निलांबूरकडे पाहूनही कळण्यासारखं होतं.

म्हणून आता त्या विसरलेल्या मंडळींकडे वळू. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते आणि पानाच्या मागे, देठाजवळ, दोन बारीक गाठी असतात. बोट फिरवलं तरी लागतात. नाण्याचं खोड फिकट आणि गुळगुळीत, साल पापुद्र्यांनी सुटते. किंजळ ऐनाचाच भाऊबंद, पण पावसाळ्यानंतर फळं धरली की अख्खं झाड तांबूस दिसतं. बिबल्याच्या सालीला चीर पडली की रक्तासारखा लाल डिंक येतो, आणि फळ रुपयासारखं गोल, मध्ये बी, भोवती कागदासारखी कड.

१९६४च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, बिबला हे सागाबरोबरच आहेत, म्हणजे तोडायचे तर परवानगी लागते. लावायला लागत नाही. रोपवाटिकेत साग न मागता मिळतो, बिबला मागावा लागतो. नाही मिळाला तर उन्हाळ्यात झाडाखाली पडलेली ती गोल फळं गोळा करावीत, कात्रीने भोवतालची कड छाटावी, एक-दोन दिवस पाण्यात भिजवावीत आणि पावसाआधी पिशवीत पेरावीत.