लॉर्ड रॉबर्ट्सचा घोडा आणि आपली पलटण

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात दोन पोरांची चांगलीच जुंपली. विषय कोरेगावचा. एक म्हणाला, इंग्रज आला म्हणून आपल्या हातात बंदूक आली, पाटी आली, त्याचे उपकार विसरू नयेत. दुसरा म्हणाला, कसले उपकार? परक्याच्या पगारावर लढलो ते काय मिरवायचं? मी मध्ये बसलेलो. दोघांनाही धड उत्तर देता आलं नाही. १ जानेवारी १८१८ ची तारीख आपल्याला पाठ आहे. खांबावरची २२ महारांची नावं आपण दरसाल वाचतो. पण त्या लढाईनंतर पंचाहत्तर वर्षांनी त्याच सैन्याचा दरवाजा आपल्या तोंडावर कुणी लावला, हे त्या दोघांना सांगता येईना. मलाही नाव तेवढं ठाऊक होतं. लॉर्ड रॉबर्ट्स. म्हणून या साहेबाचं सर्व्हिस बुक उघडून बसलो. त्यात जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

फ्रेडरिक रॉबर्ट्स. जन्म १८३२, कानपूर. बाप कंपनी सरकारच्या सैन्यात जनरलपदाला चढलेला. घराणं आयर्लंडमधलं. पोराला शिकायला विलायतेत धाडलं. ईटन, सँडहर्स्ट, मग अॅडिस्कंबची कंपनीची लष्करी शाळा. १८५१ साली एकोणिसाव्या वर्षी बंगाल तोफखान्यात अधिकारी. बापाची ओळख, बापाचा पैसा, बापाचंच खातं. याला कुणी 'सवलत' म्हणालं नाही. आपल्याकडं मात्र शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला की शेजारच्या बाकावरचा हसतो.

१८५७ चं बंड झालं. दिल्ली, लखनौ या लढायांत रॉबर्ट्स होता. २ जानेवारी १८५८ ला खुदागंजला त्यानं एका हिंदी घोडेस्वाराचा जीव वाचवला आणि शत्रूचं निशाण हिसकावलं. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणूस शूर होता, हे नाकारायचं कारण नाही. आपलं भांडण त्याच्या छातीशी नाही, त्यानं मारलेल्या शेऱ्याशी आहे.

पुढची वीस वर्षं तो बहुतेक क्वार्टरमास्टरच्या खात्यात. म्हणजे दाणागोटा, तंबू, उंट, खेचरं, रसद. १८६८ ला अॅबिसिनिया, १८७१-७२ ला लुशाई टेकड्या. मग १८७८ ला अफगाण युद्ध आलं आणि साहेबाचं नशीब उघडलं. डिसेंबर १८७८ ला त्यानं पैवार कोतलची खिंड घेतली. १८७९ च्या सप्टेंबरात काबूलमधला इंग्रजांचा वकील कॅव्हॅग्नरी मारला गेला. ऑक्टोबरात रॉबर्ट्स काबूलमध्ये शिरला आणि त्यानं फासाचे खांब उभे केले. स्वतःच्या मुलखासाठी लढणाऱ्या अफगाणांनाही गुन्हेगार ठरवून लटकवलं. खुद्द इंग्लंडात यावर बोंब झाली. पण बोंब विरते आणि बढती टिकते.

२७ जुलै १८८० ला कंदहारच्या पश्चिमेला मैवंद इथं इंग्रजांचा सडकून पराभव झाला. तिथं जनरल बरोजच्या हाताखाली सुमारे अडीच हजार माणूस होतं. त्यात एक गोरी पलटण आणि मुंबई सैन्याच्या पलटणी होत्या. समोर अयुबखानाची कितीतरी पटीनं मोठी फौज. उघडं मैदान, जुलैचं ऊन, पाणी नाही. हजाराच्या आसपास माणसं मेली. आखणी जनरलची चुकली, पण त्या पराभवाचा डाग मुंबई सैन्यावर बसला. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वेढलेलं कंदहार सोडवायला रॉबर्ट्स ९ ऑगस्टला काबूलहून निघाला आणि ३१ ऑगस्टला पोचला. अंतर तीनशे मैलांच्या वर. बरोबर सुमारे १० हजार लढाऊ माणूस, त्यातले सात हजारांवर हिंदी. गुरखे, शीख, पंजाबी, आणि गोऱ्यांत हायलँडर. १ सप्टेंबरला अयुबखान हरला. विलायतेत रॉबर्ट्सचा जयजयकार झाला.

आता त्या वाटेवरची आणखी एक ओळ वाचा. या फौजेबरोबर सुमारे ८ हजार नोकरमाणसं होती. डोलीवाले, भिश्ती, खेचरवाले, घासकापे, संडास साफ करणारे. बखरीतला शब्द वापरायचा तर 'बाजारबुणगे'. जखमींना खांद्यावर वाहणारे हेच, पाण्याची पखाल वाहणारे हेच. त्यांच्या हातात बंदूक नव्हती म्हणून ते लढाईच्या हिशेबात नाहीत.

आणि घोडा? रॉबर्ट्सचा पांढरा अरबी घोडा होता, त्यानं तो मुंबईत विकत घेतला होता. नाव व्होनोलेल. हे नाव लुशाई टेकड्यांतल्या एका सरदाराचं. ज्यांच्यावर स्वारी केली त्यांच्या सरदाराचं नाव घोड्याला! या घोड्याला राणी व्हिक्टोरियानं अफगाण युद्धाचं पदक दिलं, काबूल-कंदहारचा तारा दिला. १८९९ ला तो मेला तेव्हा डब्लिनच्या किल्मेनहॅम इस्पितळाच्या बागेत त्याची कबर बांधली. वर दगड, दगडावर नाव. त्या जनावराशी माझं वैर नाही. पण कंदहारच्या वाटेवर जो डोलीवाला कोसळला त्याचं नाव कुठल्या दगडावर आहे?

आता आपल्या दाराशी येऊ. १८८१ ते १८८५ रॉबर्ट्स मद्रास सैन्याचा सरसेनापती होता. १८८५ च्या नोव्हेंबरात तो साऱ्या हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि १८९३ पर्यंत त्या खुर्चीत बसला. डोक्यात एकच भीती होती, वायव्येकडून रशिया येणार. त्याच्याशी लढायला कोण चालेल? त्याचं उत्तर ठरलेलं होतं. उत्तरेकडचा शीख, गुरखा, पठाण, डोगरा चालेल. दक्षिणेकडचा शिपाई दीर्घ शांततेत आणि सुखात मऊ पडला, त्याचं लढाऊपण गेलं. १८९७ साली आलेल्या त्याच्या आठवणींच्या जाड ग्रंथात मद्रास आणि मुंबईच्या शिपायांविषयी हाच सूर आहे. याला नाव पडलं 'लढाऊ जाती'चा सिद्धांत. काही जाती जन्मानं शूर, बाकीच्या जन्मानं भेकड.

मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही? जन्मावरून माणसाचा गुण ठरवायचा. मनूनं हेच केलं. साहेबानं त्यावर लष्करी शिक्का मारला.

याच काळात सैन्यात जातवार कंपन्या बांधायचं चाललं. कंपनी एका जातीची असली की इतर जातींबरोबर जेवण नको, पाणी नको, भांडण नको. स्पृश्य शिपाई महार सुभेदाराला सलाम ठोकायला नाखूष. मग सरकारपुढं दोन वाटा होत्या. सलाम न ठोकणाऱ्याला शिस्त लावायची, किंवा सुभेदारालाच काढायचं. सरकारनं दुसरी वाट धरली, कारण ती स्वस्त होती. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. शिवाजीच्या किल्ल्यांवर पहारा केलेली, मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, कोरेगावला दिवसभर उपाशी-तहानेली लढलेली जात एका फटक्यात 'लढाऊ नाही' झाली. त्याच साली रॉबर्ट्स 'कंदहारचा लॉर्ड' झाला.

हे सगळं एकट्या रॉबर्ट्सनं केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या आधी हे विचार होते. त्याच्यानंतर १९०२ ते १९०९ सरसेनापती असलेल्या किचनेरनंही तीच घडी बसवली. पण सिद्धांताला वजन यायला वजनदार माणूस लागतो. कंदहारच्या विजयानं रॉबर्ट्सला ते वजन दिलं होतं.

भरती बंद झाली म्हणजे नुसता पगार गेला असं समजू नका. पलटणीत शाळा होती. शिपायाच्या पोरांना, पोरींनाही, तिथं अक्षर मिळत होतं. गावात ज्याची सावली चालत नव्हती तो छावणीत फळ्यासमोर उभा राहून शिकवत होता. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. बाबासाहेब जन्मले ते १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत, आणि पुढच्याच सुमारास हा दरवाजा बंद झाला. तोच हुकूम वीस-पंचवीस वर्षं आधी निघाला असता तर? विचार करा आणि मग एका साहेबाच्या शेऱ्याची किंमत मोजा.

आपली माणसं गप्प बसली नाहीत. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार. त्यांनी अनार्य दोष परिहार मंडळीतर्फे १८९४ ला भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय असं म्हणावं लागलं. आज आपल्याला ते खटकतं. पण समोरचा माणूस जन्मच विचारत होता, तर अर्जदार दुसरं काय लिहिणार? १९१० ला शिवराम जानबा कांबळे यांनी जेजुरीच्या परिषदेतून थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पोलिसात घ्या, सैन्यात घ्या, माणसाचा हक्क द्या. उत्तरादाखल काही हाती आलं नाही.

इकडं रॉबर्ट्सची बढती चालूच. १८९५ ला फील्ड मार्शल. १८९९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत त्याचा एकुलता तरुण पोरगा कोलेन्सोच्या लढाईत पडला. बापाचं काळीज फाटलं असेल, ते मान्य. महिन्याभरात तोच बाप तिथं सरसेनापती म्हणून उतरला. ५ जून १९०० ला प्रिटोरिया घेतलं. बोअर गनिमी काव्यानं लढू लागले तशी त्याच्या हुकमानं शेतं-घरं जाळायला सुरुवात झाली. वर्षअखेरीस तो परतला. किचनेरनं तेच सत्र वाढवलं, बायका-पोरांना छावण्यांत कोंडलं. सुमारे २८ हजार बोअर मेले, बहुतेक पोरंच. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथं किमान १४ हजार मेले, खरा आकडा २० हजारांवर असावा. गोऱ्यांच्या मरणाची मोजणी बऱ्यापैकी झाली, काळ्यांच्या मरणाची धड झालीच नाही. गावकुसाबाहेरच्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रॉबर्ट्सला अर्ल ही पदवी मिळाली आणि पार्लमेंटनं १ लाख पौंड इनाम दिलं.

१९१४ चं महायुद्ध आलं. ब्याऐंशी वर्षांचा रॉबर्ट्स फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी पलटणींना भेटायला गेला आणि १४ नोव्हेंबर १९१४ ला तिथंच न्युमोनियानं मेला. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पुरला. लंडनला पुतळा, ग्लासगोला पुतळा. त्याचा सिद्धांत मात्र तीन वर्षांतच सरकारला पेलेना. माणूस कमी पडू लागलं तशी 'बिगरलढाऊ' जात पुन्हा लढाऊ झाली. १९१७ ला १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली. १९२१ पर्यंत पलटण मोडली.

म्हणून १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजाच्या तोंडावर हिशेब मागितला. तुम्ही येण्याआधी आम्हाला सैन्य-पोलीस बंद होतं, आज तुमच्या राज्यात ते उघडं आहे का? दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणूस हवं झालं. बाबासाहेबांनी रेटा लावला आणि ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता.

तर अभ्यासवर्गातल्या त्या दोन्ही पोरांना माझं उत्तर असं. उपकाराची भाषा सोडा. इंग्रजानं आपल्याला घेतलं ते गरजेला आणि टाकलं तेही सोयीनं. आणि लाजेची भाषाही सोडा. ज्या पेशवाईनं गळ्यात मडकं बांधलं तिच्याविरुद्ध उभं राहिलेल्या माणसाला देशद्रोहाचं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार कुणाला आहे? आपल्या आज्यांनी पगार घेतला, बंदूक घेतली, पाटी घेतली, आणि दरवाजा बंद झाल्यावर अर्ज लिहिला. तो अर्ज कोरेगावच्या खांबाइतकाच आपला आहे.

दुसरं. 'लढाऊ जात' हा शब्द गेला असं समजू नका. आता त्याला 'मेरिट' म्हणतात. मुलाखतीच्या टेबलापलीकडं बसलेला माणूस आडनाव वाचून शेरा मारतो तेव्हा तो रॉबर्ट्सचीच लेखणी धरून असतो. शिडी आपल्या ताब्यात ठेवायची आणि दुसऱ्याला म्हणायचं, तुला चढता येत नाही.

शेवटी एक काम सांगतो. घरी पत्र्याची पेटी असेल, आजीचं गाठोडं असेल. त्यात एखादं पदक, पेन्शनचं बुक, डिस्चार्जचा पिवळा कागद सापडेल. नाव, पलटण, साल वहीत उतरवा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. कागद नसला तर म्हाताऱ्यांना विचारा, कोण पलटणीत होतं, कोण डोलीवर होतं, कोण खेचरांमागं होतं. साहेबाच्या घोड्याचं नाव आपल्याला कळलं. आता आपल्या माणसांची नावं लिहून काढू.

जय भीम.