मेक्सिकोतील ‘ब्रुहेरिया’ : इतिहास आणि आचार

‘ब्रुहेरिया’ हा चेटूक या अर्थाचा स्पॅनिश शब्द. मेक्सिकोत मात्र या एका शब्दाखाली मूळच्या अनेक भिन्न संज्ञा झाकल्या गेल्या. नाहुआ समाजात रोग बरा करणाऱ्यास ‘तिसित्ल’, रूप पालटणाऱ्या मांत्रिकास ‘नाहुआल्ली’, तर इतरांचे अनिष्ट करणाऱ्यास ‘त्लाकातेकोलोत्ल’, म्हणजे शब्दशः ‘घुबड-माणूस’, असे म्हणत.

१५२१ मध्ये तेनोचतित्लान नगरी स्पॅनिशांच्या हाती पडल्यावर मिशनऱ्यांनी हे सारे सैतानाचे कार्य ठरविले. इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० मध्ये आले, मेक्सिकोत १५७१ मध्ये. तेथील मूलनिवासी या न्यायासनाच्या अधिकारकक्षेबाहेर होते; तरी बिशपांच्या यंत्रणेकडून त्यांच्या चौकशा होत राहिल्या. १६२० मध्ये पेयोते या निवडुंगाच्या सेवनावर बंदी आली. १६२९ मध्ये एर्नांदो रुईस दे अलार्कोन या पाद्र्याने निर्मूलनाच्या हेतूने नाहुआ मंत्र लिहून काढले. ते आज उपलब्ध आहेत ते त्याच्याच ग्रंथामुळे. स्थानिक वनौषधी, स्पॅनिश लोकसमजुती आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे आचार यांच्या मिश्रणातून आजची परंपरा घडली.

रोग व बाधा दूर करणाऱ्यास आता ‘कुरान्देरो’ म्हणतात. ‘लिंपिया’ अर्थात शुद्धी हा त्याचा प्रमुख विधी. रुग्णाच्या अंगावरून कोंबडीचे अंडे किंवा सुगंधी पाल्याची जुडी उतरवितात, कोपाल या राळेचा धूप देतात, ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात. मग अंडे पाण्याच्या पेल्यात फोडून उमटलेल्या आकारांवरून निदान करतात. ‘माल दे ओहो’ म्हणजे आपल्याकडील दृष्टच. ‘सुस्तो’ म्हणजे भीतीने आत्मा देहापासून दुरावणे. मेक्सिको शहरातील सोनोरा बाजारात या विधींचे साहित्य मिळते. व्हेराक्रूझ राज्यातील कातेमाको येथे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मांत्रिकांचा मेळा भरतो.

या परंपरेला प्रसिद्धीची झळही बसली. वाहाका राज्यातील वाउत्ला येथील मारिया साबिना ही माझातेक स्त्री पवित्र आळंब्यांच्या रात्रविधीतून रुग्णांवर उपचार करीत असे. १९५५ मध्ये अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन या विधीत सहभागी झाला. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेखात त्याने तिचे नाव बदलले. तरीही गाव शोधीत परदेशी तरुणांचे लोंढे आले, पाठोपाठ पोलीसही आले. संतप्त गावकऱ्यांनी तिला दोषी धरले. तिचे घर जाळण्यात आले. १९८५ मध्ये ती निवर्तली, दारिद्र्यातच. आज त्याच गावात तिचे नाव अभिमानाने घेतले जाते.