आजोबांचा वस्तरा

या वेळचा लेख रायपूरहून. रेल्वे स्टेशनच्या पलीकडे गुढियारी नावाचा भाग आहे. ठोक बाजार, मालाचे ट्रक, हमालांची ये-जा आणि गल्लीबोळात जुनी घरं. रविवारी तिथे केस कापायला गेलो. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि साठी ओलांडलेले कारागीर. छत्तीसगडात न्हाव्याला मानाने ‘ठाकूर’ म्हणतात, तसंच त्यांनाही सगळे म्हणत होते.

गिऱ्हाइकांसाठी ते अर्धी पाती बसवायचा वस्तरा वापरतात. पण गल्ल्याखालच्या डब्यात वडिलांचा जुना सलग पोलादाचा वस्तरा होता. मी फौजी आहे आणि माझे आजोबा पलटणीत न्हावी होते हे कळल्यावर त्यांनी तो कौतुकाने काढला, स्पिरिटचा दिवा लावला आणि पातं ज्योतीवर धरायला निघाले. म्हणाले, “फौजी भैया, आग से बढ़कर सफाई नहीं.”

मी त्यांचा हात धरला. कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

आजोबांचा वस्तरा शेफील्डचा, शिंगाच्या मुठीचा. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. नवीन नोकरीच्या जोशात मी तो ‘निर्जंतुक’ करायला गॅसवर धरला. काही क्षणांत धारेवर निळसर झाक आली. मला वाटलं, किती छान रंग! पुढे चामड्याच्या पट्ट्यावर कितीही फिरवला तरी धार टिकेना. वस्तऱ्याच्या पोलादाला कडक केल्यानंतर साधारण 150 ते 200 अंशांवर पाणी दिलेलं असतं. धार कागदाहून पातळ, ती क्षणात 300 अंशांच्या घरात जाते. निळा रंग म्हणजे तिथलं पाणी उतरलं. पन्नास वर्षं जपलेली वस्तू मी अर्ध्या मिनिटात घालवली.

आजोबा काय करायचे ते मला तेव्हा आठवायला हवं होतं. त्यांच्या धोपटीत तुरटी, सहाण, पट्टा, तेलाची कुपी आणि स्पिरिटची बाटली असे. वस्तरा साबणाने धुवायचा, पुसायचा, स्पिरिटमध्ये ठेवायचा, परत पुसायचा, तेलाचा थेंब लावायचा. आम्ही पोरं हसायचो, “आजोबा, वस्तऱ्याला आंघोळ घालता का?” ते म्हणायचे, “एमआय रूमच्या डॉक्टरसाहेबांनी शिकवलंय.”

डॉक्टरसाहेबांपर्यंत ही विद्या कशी आली, तो इतिहास मोठा गमतीचा आहे.

धारेची काळजी आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत शस्त्रं परजायला गुळगुळीत दगड आणि धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे, आणि केस कापू शकेल अशी धार हवी असंही म्हटलं आहे. 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकरांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज याच छत्तीसगडात उतरली, तेव्हाही धार लावायची रीत याहून फार वेगळी नसणार. पण पात्यावर न दिसणारं काही राहतं, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

1867 मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा सडण्यापासून वाचवता येतात हे मांडलं. मग 1881 मध्ये रॉबर्ट कॉखने दाखवलं की तेच कार्बोलिक तेलात मिसळलं तर जंतूंवर त्याचा परिणाम उरत नाही. म्हणजे तेल गंजापासून वाचवतं, जंतूंपासून नाही. म्हणूनच आजोबांचं तेल सगळ्यात शेवटी.

पुढे बर्लिनमध्ये कुर्ट शिमेलबुशने शस्त्रक्रियेची हत्यारं उकळण्याची पद्धत बसवली. साध्या पाण्यात पोलाद गंजतं, म्हणून पाण्यात एक टक्का धुण्याचा सोडा आणि पाच मिनिटं उकळणं. पण उकळत्या पाण्यात पाती भांड्यावर आपटतात आणि नाजूक धार बोथट होते. म्हणून कात्र्या-चिमटे उकळायचे, पण चाकू लायसोल किंवा स्पिरिटमध्ये ठेवायचे, असा रिवाज दवाखान्यांत पडला. आजोबांना मिळालेला धडा याच परंपरेतला.

पहिल्या महायुद्धात मात्र संकट पात्यातून आलंच नाही. सैनिकांच्या चेहऱ्यावर अँथ्रॅक्सचे काळे व्रण दिसू लागले. शोध घेतला तर दोषी निघाला दाढीचा ब्रश! घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशात भरले होते. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. याच युद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना सुमारे 35 लाख सेफ्टी रेझर दिले आणि प्रत्येकाचं पातं वेगळं झालं.

ब्रशची ही गोष्ट मला जवळची वाटते. माझ्या एका जुन्या पोस्टिंगवर एका जवानाला हेपॅटायटिस बी निघाला. दुसऱ्या दिवसापासून लोक आमच्या न्हाव्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. त्याच्या खुर्चीवर कुणी बसेना. वस्तऱ्यातून लागण झाली असं कधीच सिद्ध झालं नाही. त्याच्याकडे दाखवण्यासारखी ठरलेली रीत असती, तर तो चार लोकांत मान वर करून बोलू शकला असता. पण संशयही अगदी निराधार नव्हता. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस जिवंत राहू शकतो आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही.

तर ठाकुरांना मी आजोबांची रीत सांगितली, आजच्या माहितीची भर घालून. आधी साबण आणि पाणी, कारण फेस, केस, रक्त राहिलं तर औषध आत पोचत नाही. पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्यायचं. पातं कोरडं करायचं, नाहीतर स्पिरिट पातळ होतं. मग सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये फक्त पातं दहा मिनिटं. शिंगाची किंवा सेल्युलॉइडची मूठ बुडवायची नाही. शुद्ध अल्कोहोल जास्त गुणकारी असेल हा गैरसमज आहे. त्यात थोडं पाणी असलं तरच ते नीट काम करतं, आणि नुसतं असलं तर लगेच उडूनही जातं. शेवटी पुसून तेलाचा थेंब. ब्लीचिंगचं पाणी नको, त्यातल्या क्लोरिनने पोलादाला बारीक खड्डे पडतात. सकाळपासून त्याच मगात ठेवलेलं दुधाळ पाणीही नको.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. स्पिरिटने अँथ्रॅक्ससारख्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. म्हणून सलग पात्याचा वस्तरा एकाच माणसाचा असावा. गिऱ्हाइकाला दर वेळी नवी पाती, तीही त्याच्यासमोर वेष्टन फोडून.

ठाकूर शांतपणे ऐकत होते. दिवा विझवून त्यांनी विचारलं, “तुमच्या आजोबांच्या वस्तऱ्याचं पुढे काय झालं?”

ट्रंकेत आहे म्हणालो.

पुढच्या रविवारी घेऊन गेलो. त्यांनी पातं उजेडात धरलं, निळ्या भागावर नख फिरवलं आणि म्हणाले, निळं पडलेलं सगळं घासून काढलं तर खाली पाणी शाबूत असेल, पातं थोडं अरुंद होईल. तीन रविवार ते सहाणेवर सावकाश, पाणी घालत घासत होते. पैसे घेतले नाहीत.

काल त्या वस्तऱ्याने मी दाढी केली. मग धुतला, पुसला, स्पिरिटमध्ये ठेवला, परत पुसला, तेल लावलं. आजोबांच्याच क्रमाने.

जय हिंद.