दीडपट दुर्बिणीची कथा

दुर्बीण जितकी मोठे दाखवील तितकी ती उत्तम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रायफलीच्या दुर्बिणीचा इतिहास निराळे सांगतो. १९४१ साली जर्मन सैन्याने माउझर रायफलीवर 'झेडएफ ४१' ही अवघी दीडपट मोठे दाखविणारी दुर्बीण बसविली. वरून काडतुसांची पट्टी भरता यावी म्हणून ती डोळ्यापासून जवळजवळ हातभर पुढे ठेवली होती. परिणामी तिच्यातून पाहणे म्हणजे दाराच्या फटीतून अंगण पाहणे! दूरच्या वेधाला ती अपुरी पडे, आणि जवळचा धावता शत्रू तिच्यात चटकन सापडत नसे. रशियन आघाडीवरील नेमबाज तिला कंटाळले.

पुढे १९७७ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने श्टायर रायफल स्वीकारली. तिची दुर्बीणही दीडपटच. परंतु ती डोळ्याजवळ होती. आत एक काळे वर्तुळ. ३०० मीटरवरचा उभा माणूस त्यात बरोबर मावे. जवळच्या शत्रूवर तेच वर्तुळ ठेवले की काम भागे, आणि दुसरा डोळाही उघडा ठेवता येई.

आकडा एकच, फळ निराळे. म्हणून जवळच्या नेमासाठी दुर्बीण निवडताना किती मोठे दिसते यापेक्षा किती रुंद आणि किती लवकर दिसते, हे आधी पाहावे. त्या क्षणभराच्या विलंबाची किंमत शिपाई प्राणाने मोजतो.