व्हिनेगरच्या तपासणीची कुळकथा

गर्भाशयाच्या मुखाला चार टक्के ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे साध्या व्हिनेगरचा, बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि झगझगीत उजेडात पाहायचं. निरोगी भाग गुलाबी राहतो. बिघडू लागलेल्या पेशींतली प्रथिनं गोठून तेवढाच डाग पांढरा उठतो. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटा रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ही तपासणी नेली. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हेत, दहावी झालेल्या, चार आठवड्यांत शिकवलेल्या. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटाला मात्र नुसती आरोग्यविषयक माहिती मिळाली, यावरून पुढे बरीच टीका झाली. ती अस्थानी नव्हती.

या कुळात याहून काळा डागही आहे. गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याचा कोल्पोस्कोप 1925 साली बनवणारा आणि व्हिनेगर वापरात आणणारा हान्स हिन्सेलमन युद्धानंतर तुरुंगात गेला, रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल.

चुलत घराणं व्हिएन्नाचं. 1928 मध्ये वॉल्टर शिलर यांनी आयोडीन लावून पाहिलं. निरोगी पेशींत ग्लायकोजेन साठलेलं असतं, म्हणून त्या गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या पिवळट राहतात. याच ग्लायकोजेनवर योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू पोसतात. आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी 1892 मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं. ते लॅक्टिक ॲसिड करतात, पीएच साडेचारच्या खाली ठेवतात आणि परक्या जंतूंना थारा देत नाहीत. ते कमी झालेल्या स्त्रियांत एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, जास्त आढळतो. आधी जंतू घटले की आधी विषाणू आला, यावर अजून वाद आहे. योनी साबणाने आतून धुऊ नये हे मात्र नक्की.

केंद्र सरकारच्या 2016 च्या सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी व्हायची आहे. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, ग्लायकोजेन आटतं, ड्योडरलाइनचे जंतू विरळ होतात, आयोडीनचा रंगही नीट चढत नाही. जिथे बिघाड सुरू होतो तो पट्टा आत सरकतो आणि पांढरा डाग उठला तरी दिसत नाही. साठीच्या बाईला या तपासणीत ‘काही नाही’ सांगून घरी पाठवणं म्हणूनच धोक्याचं. तिच्यासाठी एचपीव्हीची चाचणी हवी, आणि ती तालुक्यापर्यंत पोचायला हवी.